काना कुणी ऐकला?

वाद सगळा एका कान्याचा होता.

चष्मेवाल्याच्या दुकानामागे एक खोली आहे. एरवी तिथे माणसं एक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचतात आणि खालच्या ओळीला आली की अंदाजपंचे ठोकून देतात. शनिवारी दुपारी दुकान बंद झालं, की त्याच खोलीत पाच माणसं डोळे मिटून बसायची आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायची. ‘दार बंद कर’ एवढं स्वच्छ ऐकू यायचं. त्यानंतर खरखर. त्या खरखरीच्या पोटात एक काना दडलेला होता की नव्हता, म्हणजे बोलणारा ‘करा’ म्हणाला की नुसतं ‘कर’, एवढाच काय तो प्रश्न. पण या प्रश्नावरून दोन कप फुटले होते आणि एकदा त्या पाचांतले मास्तर छत्री विसरून तरातरा निघून गेले होते.

ज्यांनी ‘पारंबी’ ही मालिका बघितली नाही त्यांनी घाबरायचं कारण नाही, गोष्ट सोपी आहे. ‘पारंबी’ हे एक आकाशजहाज. ताऱ्यांमधून हिंडतं. त्याची कप्तान एक बाई आहे, आणि इंजिन सांभाळणारा एक अबोल गृहस्थ आहे, त्याला सगळे इंजिनदार म्हणतात. ती हुकूम सोडते, तो ‘होय कप्तान’ म्हणतो. सुरुवातीपासून हे असंच. पण बघणाऱ्यांना डोळे असतात. ती जेवायला बसली की तो पाण्याचा पेला तिच्या डाव्या हाताला ठेवतो, कारण ती डावखुरी आहे हे जहाजावर त्याच्याखेरीज कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तर अगदी शेवटच्या भागात इंजिनाला आग लागते. तो आत, ती दाराबाहेर. दार लावलं तर जहाज वाचेल, तो बहुधा जाईल. ती हुकूम देत नाही. नुसती उभी राहते. तेव्हा तो आतून ओरडतो, ‘दार बंद कर…’ आणि खरखर. दार लागतं. मालिका संपते. पुढे काय झालं ते मालिकावाल्यांनी अजून दाखवलेलं नाही, त्यामुळे जगभरच्या भाविकांची जी अवस्था व्हायची तीच या पाचांची झाली होती.

“उभं आयुष्य व्याकरण शिकवण्यात गेलं माझं,” मास्तर म्हणाले. ते निवृत्त झाले होते, पण खडू हातात असल्यासारखी बोटं अजून धरायचे. “आज्ञार्थ आहे हा. समोर कोण? कप्तान. म्हणजे ‘करा’. दुसरं काही येऊच शकत नाही.”

“अहो मास्तर, आत आग लागली आहे आणि तुम्ही आज्ञार्थ कसले घेऊन बसलात!” हे चष्मेवाल्याच्या सासूबाईंचं. त्यांच्या कानात ऐकायचं यंत्र होतं आणि या वादात त्या स्वतःलाच सगळ्यांत मोठा साक्षीदार समजत. “माझ्या यंत्रातून तर चक्क ‘कर’ ऐकू आलं.”

“तुमच्या यंत्रातून परवा ‘चहा’ म्हटलं तर ‘सहा’ ऐकू आलं होतं.”

“मग? सहा कप केला की नाही? कमी पडला का कुणाला?”

चष्मेवाला नेहमीप्रमाणे कुंपणावर होता. “मला चहाआधी ‘कर’ वाटतं,” तो म्हणाला, “आणि चहा झाल्यावर ‘करा’ वाटतं.”

“जावईबापू, तुम्ही मुलगी बघायला आलात तेव्हाही ‘बघतो, कळवतो’ असंच म्हणाला होतात,” सासूबाई म्हणाल्या. “शेवटी मीच कळवलं.”

चौथी होती पंपबाई. हे नाव तिला याच खोलीत मिळालं. टेकडीवरच्या पंपघराची ती मुख्य. गावाचं अर्धं पाणी तिच्या हाताखालून जायचं. चाळिशी ओलांडलेली, भावाकडे राहणारी. शनिवारी ती निघाली की वहिनी दारातून हसून विचारायची, “वन्सं, आज पुन्हा जहाजावर का?” पंपबाई पायांत चपला सरकवायची. पण त्या शनिवारी ती जरा जास्तच घाईने निघाली होती, आणि वहिनीने ते पाहिलं होतं.

पाचवा होता तिच्याच पंपघरातला फिटर. तो या मंडळींत कसा आला, हे सांगणं सोपं आहे. एके दुपारी जेवणाच्या डब्यावरून ‘पारंबी’चा विषय निघाला आणि तो म्हणाला, “मॅडम, मीपण बघतो.” एवढंच. पुढच्या शनिवारी तो आला, कोपऱ्यात बसला, आणि तेव्हापासून फारसा बोललाच नाही. आत्ताही तो डोळे तपासायच्या खुर्चीखाली घुसला होता. ती खुर्ची वरखाली करताना ओरडायची, ते त्याला सहन होत नव्हतं.

आता खरी गोष्ट सांगायची तर पंपबाईचाही एक काना हरवला होता.

गेल्या आठवड्यात पंपघरात तीन नंबरच्या पंपाचं झाकण दुरुस्तीसाठी काढून ठेवलेलं होतं. बेअरिंग तापलं आहे का ते बघायला तिने नेहमीसारखा हाताचा मागचा भाग टेकवला. बाजूचे दोन पंप गर्जत होते, कुणी कानाशी येऊन बोललं तरी ओठ वाचायला लागावेत असा तो आवाज. पंप बंद होता, पण टाकीतलं पाणी उतरलं की तो आपोआप सुरू होतो हे ती विसरली. ती! जी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच बजावायची. तेवढ्यात मागून आरोळी आली, “हात काढ…” आणि पुढचं पंपांनी गिळलं. तिने हात ओढला, तोच पंप फिरायला लागला. बाहीचं बटण तेवढं गेलं.

फिटर धावत आला. चेहरा पांढराफटक. “मॅडम, तुम्हाला लागलं नाही ना?” म्हणजे पुन्हा ‘तुम्ही’. पुन्हा जागच्या जागी.

ती घरी गेली, जेवली, पाठ टेकली, आणि त्या आरोळीभोवती फिरत राहिली. ‘हात काढा’ म्हणाला असेल तर एका जबाबदार कामगाराने आपल्या वरिष्ठाला वाचवलं. आभार मानायचे, अहवाल द्यायचा, संपलं. पण ‘काढ’ म्हणाला असेल तर? तर मग कोण कुणाला ओरडलं होतं?

आणि दोनच दिवसांनी तो तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. “मॅडम, नदीकाठच्या पंपघरात जागा सुटली आहे. मी तिकडे जायचं म्हणतोय. तुमचा होकार लागेल.”

“इथे काही अडचण आहे का?”

“नाही.”

“मग?”

त्याने अर्ज तिच्यापुढे सरकवला. तिने सोमवारपर्यंत सांगते म्हटलं. आता मधे एकच रविवार होता. हो म्हणावं तर माणूस जाणार. नाही म्हणावं तर माणूस राहील, पण तो आपल्या नकारामुळे राहील. आणि का जातोय हे विचारायचं तर कसं विचारायचं? वरिष्ठाने विचारलं की उत्तर वरिष्ठाला मिळतं.

म्हणून आज तिने खोलीत विचारलं. जहाजाचं नाव पुढे करून.

“समजा,” ती म्हणाली, “समजा तो ‘कर’ म्हणाला. मग कप्तानाने काय करायचं?”

खुर्चीखालचा पाना क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

“काही नाही,” मास्तर म्हणाले. “ऐकलंच नाही असं दाखवायचं.”

“का हो? दगड आहे का ती?” सासूबाई उसळल्या.

“दगड नाही, म्हणूनच. नियम काय आहे जहाजाचा? ज्याला हुकूम देता त्याच्याशी सूत जुळवायचं नाही. तुम्हाला तो नियम कोरडा वाटतो. मला त्यात माया दिसते. तिने एकदा ‘तू मला आवडतोस’ म्हटलं की तोही हुकूमच झाला. समोरच्याला ‘नाही’ म्हणायची वाट मोकळी नसेल, तर त्याचा ‘हो’ घेऊन करायचं काय?”

पंपबाईने मान खाली घातली. हेच तर ती आठवडाभर स्वतःला सांगत होती, फक्त इतकं नीट सांगता येत नव्हतं. मास्तरांना तिने मनातल्या मनात नमस्कार केला आणि त्यांचा थोडा रागही केला.

“मग त्याने आधी बोलावं,” चष्मेवाला म्हणाला.

“म्हणून तर काना महत्त्वाचा!” मास्तरांनी मांडीवर थाप मारली. “तो बोलला की नाही, हे त्या कान्यावर ठरणार.”

सासूबाई खुर्चीखाली वाकून बघत म्हणाल्या, “ए फिटरदादा, तू इंजिनवाला माणूस. तुझ्या बिरादरीतला आहे तो. तू सांग, काय म्हणाला?”

फिटर खुर्चीखालून बाहेर आला. हाताला वंगण लागलेलं होतं, त्यामुळे हात हवेतच धरून तो जमिनीवर बसून राहिला. “त्यालाच विचारलं तरी सांगता यायचं नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे… धोका दिसला, ओरडला. शब्द काही निवडून घेतला नसणार. काना तोंडात राहिला की बाहेर पडला, हे त्यालाही ठाऊक नाही. पण नंतर तो आठवत बसला असेल. रोज. म्हणालो की काय? आणि म्हणालो असेन, तर तिने ऐकलं की काय? इतकी वर्षं ‘करा’ म्हणणारा माणूस. हुद्द्याचा अपमान झाला, असंच वाटणार त्याला. मग तिच्यासमोर उभं कसं राहायचं? जहाज बदलूनच जायला हवं.”

इंजिनदार आगीतून वाचलाच आहे असं फिटरने गृहीत धरलं होतं, हे कुणी बोलून दाखवलं नाही. पंपबाईने मात्र मनातल्या मनात जोडून बघितलं. जहाज बदलून. नदीकाठचं पंपघर. म्हणजे एक गाठ सुटली, आणि तिच्या आत दुसरी निघाली. तो निघाला आहे तो लाजेने. नुसत्या लाजेने, की आणखी कशाने?

“अपमान कसला त्यात?” सासूबाई म्हणाल्या. आवाज एकदम मऊ झाला होता. त्यांचा गळा गोड होता आणि देवाचं काही निघालं की तो आपोआप सुरात जायचा. “मला एक सांगा मास्तर. तुम्ही सकाळी देवापुढे उभे राहता. काय म्हणता? ‘अहो देवा, आपण यावं’ असं म्हणता का?”

“छे छे.”

“काय म्हणता?”

“‘देवा, ये’ म्हणतो. ‘सांभाळ’ म्हणतो.”

“बघा! साऱ्या जगाचा जो कप्तान, त्याला तुम्ही ‘तू’ म्हणता. शेजारच्या वाण्याला ‘अहो’ म्हणता, आणि देवाला ‘तू’. आईला ‘तू’. मग देवाचा हुद्दा घसरला का? आईचा घसरला? अहो, काही माणसं इतकी मोठी असतात आणि इतकी जवळ असतात, की मधे ‘अहो’ला उभं राहायला जागाच उरत नाही. संकटात ‘अहो’ आधी गळून पडतं आणि आतलं तेवढं राहतं. दार उघड म्हणून टाहो फोडावा, तसं त्याने दार बंद कर म्हणून फोडला. माझ्या मते त्याने तिला हुद्द्यावरून खाली ओढलं नाही. वर नेऊन बसवलं.”

मास्तर चष्मा काढून पुसत म्हणाले, “व्याकरणात याला उत्तर नाही.”

“यंत्रात आहे,” सासूबाई कानाला हात लावून म्हणाल्या आणि सगळे हसले.

पंपबाई हसली नाही. तिला आठवत होतं ते वेगळंच. फिटर नवा होता तेव्हा त्याने पंपाची ग्लँड, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीचं पाणी अडवणारं बूच, पार घट्ट आवळली होती, एक थेंब बाहेर येऊ दिला नव्हता, आणि शाबासकीची वाट बघत उभा होता. तेव्हा तिनेच त्याला शिकवलं होतं, “इतकं आवळायचं नाही. थेंब थेंब गळू द्यायचं. थेंब बंद झाला की आत जळायला लागतं.” शिकवलं कुणाला, आणि शिकायचं होतं कुणी!

बैठक उठली. पंपबाई आणि फिटर, दोघं बरोबरच बाहेर पडली. रस्त्यावर उतरतं ऊन होतं. एक बाई गॅलरीतून खालच्या भाजीवाल्याशी घासाघीस करत होती, समोर कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं. कोपऱ्यापर्यंत दोघांचा रस्ता एक होता. ती एरवी भरभर चालायची. आज चालली नाही.

“त्या दिवशी,” ती म्हणाली.

“त्या दिवशी,” त्याच क्षणी तोही म्हणाला.

दोघंही थांबली. “तुम्ही बोला,” तो म्हणाला.

“तीन नंबरपाशी तुम्ही ओरडलात. काय म्हणाला होतात?”

फिटरने तिच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, आणि मग निव्वळ आश्चर्य. “मी तुम्हाला हेच विचारणार होतो. तुम्ही ऐकलं नाहीत?”

“अर्धं ऐकलं. पुढचं पंपाने खाल्लं.”

“मला वाटलं तुम्ही सगळं ऐकलंत आणि मोठ्या मनाने गप्प बसलात.”

“आणि मला वाटलं तुम्ही म्हणायचं तेच म्हणालात, आणि मीच भलतं ऐकलं.”

“‘म्हणायचं तेच’ म्हणजे काय?”

“ते तर कुणालाच माहीत नाही ना!” ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. खोलीत दाबून ठेवलेलं सगळं हसू आता आलं. तोही हसला, वंगणाचा हात कपाळाला लावून घेत. सायकलवाल्याने मान वर करून बघितलं.

मग ती गंभीर झाली. आता जे बोलायचं होतं ते नेमकं बोलायला हवं होतं. एक शब्द जास्त पडला तरी हुकूम होईल.

“बदलीला माझा होकार आहे,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. ते तिला दिसलं, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं.

“सोमवारीच कळवते. तिकडे गेल्यावर मी तुमची साहेब राहणार नाही. तुमची सुट्टी, तुमची पाळी, तुमचा अहवाल, काही माझ्या हातात नसेल. मग तुम्हाला जे म्हणावंसं वाटेल ते म्हणा. नाही वाटलं तर नका म्हणू. ‘नाही’सुद्धा मला चालेल. पण जे असेल ते मोठ्याने म्हणा. पंपांच्या वरून.”

तो काहीतरी बोलायला गेला. तिने हात वर केला. “आत्ता नाही. आत्ता मी मॅडम आहे.”

कोपरा आला. ती उजवीकडे गेली, तो डावीकडे. वहिनीने दार उघडलं आणि विचारलं, “वन्सं, आज काय निकाल लागला?”

“बदली झाली,” पंपबाई म्हणाली आणि हात धुवायला गेली.

“कुणाची? त्या इंजिनवाल्याची?” वहिनी मागोमाग आली. पण पंपबाईने नळ जोरात सोडला होता.

पुढचे दिवस कसे गेले ते तिलाच ठाऊक. फिटर गेला. त्याच्या जागी एक तरुण मुलगी आली, हुशार होती, पण तीन नंबरशी बोलायला तिला वेळ लागणार होता. रोज सकाळी नदीकाठहून फोन यायचा. तो नियमच होता. तिकडचे बाकीचे पंप अखंड चालायचे, पण टेकडीकडचा पंप चालू करण्याआधी तिकडचा माणूस टेकडीला सांगायचा, टेकडीने टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा, मगच पाणी वर चढायचं. इतकी वर्षं तो फोन कुणीतरी कुणालातरी करायचं. आता पंपबाई रिसीव्हरपाशी स्वतः बसायची. फोन यायचा. पण तिकडे अजून जुनाच माणूस बोलत होता. फिटर काम समजून घेत होता.

आणि मग एका सकाळी घंटा वाजली. तिने उचलला. पलीकडे पंपांची गर्जना आणि त्या गर्जनेच्या आत ओळखीचा आवाज.

“व्हॉल्व्ह उघड…” आणि पुढचं पंपांनी खाल्लं.

पंपबाईने कपाळाला हात लावला. देवा, तुझीही थट्टा अशी! “काय? ऐकू नाही आलं!” ती ओरडली.

“व्हॉल्व्ह उघड…” पुन्हा तेच. पुन्हा घरघर.

“अर्धंच येतंय! पुन्हा!”

पलीकडे रिसीव्हर कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. मग पावलं. पंपघराचं दार असतं ते पत्र्याचं, जड, बिजागरीला तेल हवं असलेलं. ते कुरकुरत सरकल्याचं तिला इतक्या लांबून ऐकू आलं. धाडकन बंद झालं. गर्जना एकदम मागे गेली, कुणी उशीखाली दाबावी तशी. आणि त्या शांततेत रिसीव्हर पुन्हा उचलला गेला.

तिचे स्वतःचे पंप अजून सुरू व्हायचे होते, आणि ग्लँडमधून पडणारे थेंब तिला ऐकू येत होते.

“व्हॉल्व्ह उघड,” फिटर म्हणाला. एकेक अक्षर सुटं. शेवटचं अक्षर अख्खं, आणि त्याच्यापुढे काही नाही. काना नाही. खरखर नाही. “आणि शनिवारी माझ्याआधी पोचलीस तर सासूबाईंच्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी धर. मास्तरांना काय सांगायचं, ते तिथेच ठरवू.”

नवी मुलगी दारातून बघत होती. आपली मॅडम रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभी आहे आणि व्हॉल्व्ह अजून बंदच आहे, हे काही तिला कळेना.

“उघडते,” पंपबाई म्हणाली. “आणि ऐक. दार बंद केलंस, ते बरं केलंस.”